पावसाळ्यात एअर रायफलचा झिरो सरकतोय आणि दिवाळीला परत सरकतोय, त्याचं काय करायचं

झिरो म्हणजे जिथं नेम धरला तिथंच छर्रा लागेल अशी बसवलेली साइट (नळीवरची नेम धरायची खूण). ग्रुप म्हणजे एकाच नेमानं मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका. जून संपत आला की हे सुरू होतंय. "सर, मेपर्यंत ग्रुप रुपयाच्या नाण्याखाली झाकत होता ओ, आता सगळंच वर आणि डावीकडं चाललंय, साइट फिरवून फिरवून दमलो." कधी खानापूरकडनं, कधी निपाणीकडनं, मागच्या पावसात बेळगावातल्याच अनगोळातले एक काका तर रायफल चादरीत गुंडाळून धो धो पावसात घरीच घेऊन आले. आणि हीच माणसं ऑक्टोबर-नोव्हेंबरला परत येतात, त्यावेळी छर्रे उलट्या बाजूला चाललेले असतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. लांब झालंय, पण घाई न करता वाचा, कारण यातला निम्मा त्रास घाईनंच होतोय.

कुठल्या रायफलबद्दल बोलतोय ते आधी. स्प्रिंगवाली, नळी मोडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची, ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरची, लाकडी दस्ता असलेली. आपल्याकडं बहुतेक पोरं हिच्यावरच शिकतात. मॅचच्या कॉम्प्रेस्ड एअरच्या रायफलींना आता बहुतेक ॲल्युमिनियमचा दस्ता असतोय, त्यांना ही भानगड जवळजवळ नाही, त्यांचे प्रश्न वेगळे. आणि कायद्याचं पण सांगून ठेवतो, कारण "सर, काडतुसं घरी भरता येतात काय ओ" असं विचारणारे असतातच. परवान्याशिवाय काडतुसं भरणं आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, तो विषय इथंच संपला. एअरगनला पण आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर ०.१७७ पेक्षा मोठा असला किंवा ताकद २० जूलच्या वर गेली तर लायसन्स लागतंय, म्हणून मी इथं सांगतोय ते सगळं नेमकेपणासाठी आहे, ताकद वाढवायचा एकही उपाय यात नाही आणि मला विचारू पण नका. दहा मीटरला त्याची गरजच नाही, ०.५३ ग्रॅमचा पेलेट, म्हणजे आपला छर्रा, सेकंदाला १७५ मीटरनं गेला तर साधारण ८ जूल होतात आणि तेवढ्यावर जगातल्या सगळ्या मॅचा होतात.

आता मुद्द्यावर. पहिली गोष्ट, साइटला हात लावू नका. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः एक अख्खा सीझन यात घालवलाय. जुलैमध्ये साइट खाली उजवीकडं आणली, ऑगस्टमध्ये आणखी थोडी, दसऱ्यानंतर छर्रे खाली जायला लागले म्हणून वर घेतली, डिसेंबरला परत थोडी. वहीत प्रत्येक वेळचे क्लिक, म्हणजे साइट किती टप्पे फिरवली ते, लिहून ठेवायची सवय होती म्हणून वाचलो, एका संध्याकाळी सगळे बेरीज करून बघितले तर उत्तर जवळजवळ शून्य. म्हणजे वर्षभर मी फिरवत होतो आणि रायफल परत तिथंच येऊन उभी होती. साइट बिघडली असती तर ती ऋतू बघून परत जाग्यावर आली नसती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हलतंय ते दुसरंच काहीतरी आहे.

तर वही घ्या. पाच छर्र्यांच्या एका ग्रुपवरनं काहीच ठरवू नका, पाच नशिबानं पण एका जागी पडतात. दहा-दहाचे तीन ग्रुप मारा, टेबलवर रेती किंवा तांदळाची पिशवी ठेवून, त्यावर डाव्या हाताचा तळवा उताणा ठेवून त्यात रायफल नुसती टेकवायची, आवळायची नाही. थेट पिशवीवर किंवा टेबलच्या कडेवर रायफल ठेवून मारू नका, स्प्रिंगची रायफल कडक वस्तूवर टेकवली की उडी मारते आणि मग तुम्ही रायफल नाही, टेबल तपासत बसता. मागं छर्रे अडवणारा भक्कम बॅकस्टॉप पाहिजे, डोळ्याला चष्मा पाहिजे, आणि टार्गेटच्या मागच्या बाजूनं कुणी येणार नाही अशी जागा पाहिजे. गच्चीवर नारळाच्या झाडाला टार्गेट बांधून हे करायचं नाही.

मग बघा काय झालंय. ग्रुप पहिल्याएवढाच लहान आहे पण अख्खाच्या अख्खा सरकलाय, की ग्रुप फुटलाय? हे दोन आजार वेगळे आहेत. नुसता सरकला असेल तर दस्ता किंवा उजेड. फुटला असेल तर ढिले स्क्रू, नळीचा सांधा, तेल, नाहीतर पेलेट. वर-खाली उभी रांग पडत असेल तर वेग कमी-जास्त होतोय. आणि दोन वेगळे छोटे ग्रुप पडत असतील, तीन इथं आणि चार तिथं, तर काहीतरी दोन जागांमध्ये खेळतंय, दस्त्यातलं लोखंड नाहीतर स्कोपचं, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचं, माउंट (ती धरून ठेवणारी पकड).

"पेलेटची बॅच बदलली म्हणून झालं असेल" असं सगळ्यात जास्त लोक म्हणतात, म्हणून एक छोटा हिशोब करून दाखवतो. सेकंदाला १७५ मीटर वेग धरला तर दहा मीटर जायला पेलेटला ०.०६ सेकंदाच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात तो स्वतःच्या वजनानं १७ मिलिमीटरच्या आसपास खाली येतोय. आता छर्रे १५ मिलिमीटर वर गेले असतील आणि ते निव्वळ वेगामुळं झालं म्हणायचं असेल, तर पडणं १७ वरनं २ मिलिमीटरवर आलं पाहिजे, म्हणजे वेग जवळजवळ तिप्पट झाला पाहिजे. कुठली बॅच असं करेल? १५ मिलिमीटर खाली जायला सुद्धा वेग पाव हिश्श्यापेक्षा जास्त कमी व्हावा लागतोय, तेवढं झालं तर तुम्हाला आवाजावरनंच कळेल. आणि डावी-उजवीकडं जाण्याचा तर वेगाशी संबंधच नाही. म्हणजे झिरो एक-दोन सेंटीमीटर सरकला असेल तर पेलेटला सोडून द्या, रायफल दस्त्यात कशी बसलीय ते बघा.

इथं एका पोरानं मला फार चांगला प्रश्न विचारला होता. त्याचं म्हणणं, "सर, साइट पण लोखंडाला, नळी पण लोखंडाला, मग लाकूड फुगलं काय आणि आटलं काय, साइट आणि नळीमधलं काय बदलतंय?" बरोबर आहे, काही बदलत नाही. पण स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर दाबल्यावर आधी पिस्टन पुढं धावतोय आणि रायफल मागं सरकते, मग पिस्टन पुढं दाबलेल्या हवेवर आदळून थबकतोय आणि रायफल पुढं ओढली जाते. हे सगळं होत असताना पेलेट अजून नळीतच असतोय. म्हणजे नळी हलत असताना पेलेट बाहेर पडतोय, आणि ती कशी हलणार हे लोखंड लाकडात किती घट्ट, कुठं टेकलेलं, कुठल्या बाजूला दाबलेलं, यावर ठरतंय. पिशवीवर कडक ठेवली की झिरो बदलतो तो याच कारणानं. फुगलेला दस्ता म्हणजे रायफलला धरायची पद्धतच बदलली असं समजा.

आता लाकूड काय करतंय ते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, पश्चिमेला सह्याद्री अगदी जवळ, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तर सांगायलाच नको. जून ते सप्टेंबर घरात कपडे वाळत नाहीत आणि न्हाणीघराचं दार चौकटीत अडकतंय. तेच लाकूड दस्त्यात आहे. लाकूड रेषेच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र चांगलंच फुगतंय. आणि रायफलचे स्क्रू नेमके आडव्या दिशेनं लाकडातनं गेलेले असतात, पुढचे दोन बाजूनं, मागचे ट्रिगर गार्डमधनं खालनं वर.

शेतात काम केलेल्यांना हे लगेच समजेल. खुरप्याची नाहीतर कुदळीची मूठ ढिली झाली की पाण्यात ठेवतात, फुगून घट्ट बसते, त्या दिवशी काम होतंय. पण वाळली की आधीपेक्षा जास्त ढिली. का, तर फुगलेलं लाकूड लोखंडानं अडवलं, ते आतल्या आत चेपलं, आणि चेपलेले तंतू वाळल्यावर परत वर येत नाहीत. रायफलच्या स्क्रूखाली दर पावसाळ्यात हेच होतंय. जुलैत लाकूड फुगून स्क्रूच्या डोक्याखाली चेपतंय, सगळं गरजेपेक्षा घट्ट, झिरो एका बाजूला. दिवाळीनंतर हवा कोरडी, लाकूड आकसलं, चेपलेलं तसंच राहिलं, स्क्रू ढिला, झिरो दुसऱ्या बाजूला आणि वर ग्रुप पण फुटलेला. म्हणून वर्षात दोनदा.

हे खरंच असंच होतंय का ते तपासायला पाच रुपयाचा पण खर्च नाही. घरात नेलपॉलिश असेलच. स्क्रूच्या डोक्यावरनं लाकडापर्यंत एक बारीक रेघ ओढा. महिन्यानं बघा. रेघ तुटली असेल, स्क्रू फिरला असेल, तर नुसता मारामुळं ढिला होतोय, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू चिकटवून धरणारा गोंद, एक थेंब लावा, काम झालं. पण रेघ सरळ रेघेत आहे आणि तरीपण स्क्रू ड्रायव्हर लावल्यावर सहज पाव फेरा आत जातोय, तर स्क्रू जागचा हललेलाच नाही, त्याच्याखालचं लाकूड गेलंय. अनगोळच्या काकांच्या रायफलीत अगदी हेच निघालं. त्यांनी दोन वर्षं थ्रेडलॉकर लावलं होतं, स्क्रू पक्का चिकटलेला आणि तरी दस्ता खुळखुळत होता.

आणि हो, ढिला वाटला म्हणून दात-ओठ खाऊन आवळू नका. जेवढं आवळाल तेवढं लाकूड आणखी चेपणार आणि पुढच्या वर्षी आणखी ढिलं होणार. बोटांनी ड्रायव्हर धरून, मनगट न लावता जेवढं बसतंय तेवढं बस.

खरा उपाय एकच, स्क्रू लाकडाला आवळायचा नाही, लोखंडाला आवळायचा. मागच्या उभ्या स्क्रूसाठी दस्त्यातलं भोक मोठं करून त्यात धातूची नळी, लोक पिलर म्हणतात, ती एपॉक्सीनं बसवायची. मग स्क्रूचं डोकं पिलरवर टेकतंय, पिलरचं दुसरं टोक रायफलच्या लोखंडाला टेकतंय, मधे लाकूड फुगलं काय आटलं काय, पकड तीच. उद्यमबागेत एवढे लेथ आहेत, ॲल्युमिनियमच्या रॉडचा तुकडा घेऊन गेलात तर चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात कापून भोक पाडून देतात. मी बाहेरनं १० मिलिमीटर ठेवतो, आतलं भोक स्क्रू सैल जाईल एवढं. लांबी मात्र नीट मोजा. पिलर दस्त्यापेक्षा केसभर जास्त असला पाहिजे, दोन्ही टोकांना मिळून दशांश मिलिमीटरएवढा, कमी पडला तर परत लाकडालाच आवळलं जाणार आणि सगळी मेहनत फुकट. भोक हातातल्या ड्रिलनं पाडू नका, तिरकं गेलं तर दस्ता वाया जातोय, सुतारमामांकडं उभं ड्रिल असतंय तिथं न्या.

पुढच्या दोन बाजूच्या स्क्रूंना पिलर बसत नाही कारण तिथं लाकडाच्या भिंती पातळ असतात. तिथं स्टीलचे वाटीसारखे रुंद वॉशर वापरा आणि वॉशर बसतोय ती जागा आधी पातळ एपॉक्सी पाजून टणक करून घ्या. एपॉक्सी लावताना रायफलच्या लोखंडाला आणि स्क्रूला बुटाचं पॉलिश चांगलं दोन थर द्या, नाहीतर दस्ता आणि रायफल कायमचे एक होतात. मला एकदा हिटिंग गननं सोडवायला लागलंय, पोटात गोळा आला होता.

दस्ता काढलाच आहे तर आत बघा. बाहेरनं पॉलिश चकचकीत, पण आतली खाच, जिथं लोखंड बसतंय, ती बहुतेक दस्त्यांमध्ये कोरडी, उघडी असते. ओल तिथनंच शिरते. बरेच जण तिथं जवसाचं तेल लावतात. दिसायला छान, पण हवेतली ओल तेल फारशी अडवत नाही, नुसता वेग कमी करतंय. पॉलियुरेथेनचं वार्निश थिनर घालून पातळ करून तीन-चार हात द्या, स्क्रूच्या भोकांच्या आतनं पण, आणि दस्त्याच्या मागच्या टोकाला रबरी पॅडखाली पण, कारण तिथं लाकडाची रेष कापलेली असते आणि ते टोक पाणी सगळ्यात जास्त पितंय. आणि हे काम पावसात अजिबात करू नका. ओलं लाकूड बंद केलं तर ओल आतच कोंडणार. होळी झाली की सुरू करा आणि वळवाच्या आधी उरका, आपल्याकडं लाकूड सगळ्यात कोरडं तेव्हाच असतंय. जुलैमध्ये हे वाचत असाल तर आत्ता फक्त स्क्रू बघा, नोंदी ठेवा, बाकीचं पुढच्या मार्चला.

इथपर्यंत केलं तर माझ्या अनुभवात दहातले सात-आठ जण सुटतात. पण पावसाळ्यात दुसरा एक उद्योग होतोय तो म्हणजे तेल. गंज चढेल या भीतीनं लोक नळीत, सांध्यात, जिथं भोक दिसेल तिथं स्प्रे मारतात. हवा जिथं दाबली जाते त्या सिलिंडरमध्ये तेल गेलं की दाबानं तापलेल्या हवेत ते पेटतंय, डिझेल इंजिनात होतंय तसंच, म्हणून त्याला डिझेलिंगच म्हणतात. खूण सोपी: नेहमीपेक्षा मोठा फट्ट आवाज, नळीतनं धूर, जळकट वास, आणि छर्रे वर-खाली कुठंही. खानापूरकडच्या एका पोराच्या रायफलीत हेच होतं, दुकानात त्याला "दर आठवड्याला तेल सोड" म्हणून सांगितलेलं, आणि तो बिचारा मनापासून सोडत होता. अशा वेळी तेल पूर्ण थांबवायचं, नळी कोरड्या फेल्ट पेलेटनं, म्हणजे नमद्याच्या छोट्या बोळ्यानं, पुसायची. थोडं असेल तर पंचवीस-तीस छर्र्यांत जळून जातंय. जास्त असेल तर सिलिंडर उघडून साफ करायला लागतंय, पण ते घरी करू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, क्लँपशिवाय पिन काढली तर लोखंड तोंडावर येतंय. ज्याच्याकडं स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे अशाकडंच द्या. गंजासाठी बाहेरच्या लोखंडावर तेलाचा हात फिरवलेलं फडकं पुरेसं आहे, नेम संपला की घामाचे हात लागलेली जागा पुसली तरी झालं.

सांध्याचं थोडक्यात. नळी मिटते तिथं एक रबरी रिंग असते. मारताना तिथं टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा, फडफडली तर हवा गळतेय, रिंग बदला, स्वस्त असते. दुसरं, रायफल कॉक केलेली असताना नळी अर्ध्यात सोडली तर तिथंच थांबली पाहिजे किंवा अगदी हळू खाली आली पाहिजे. धपकन पडत असेल तर सांध्याचा बोल्ट ढिला आहे, त्यानं डावी-उजवीकडं जातंय. हे करताना नळी हातानं धरून ठेवा, बोट सांध्यात घालू नका आणि ट्रिगरजवळ तर अजिबात नको, नळी जोरात मिटली तर बोट राहत नाही. हे दोनदा वाचा.

आता पेलेट. वर म्हटलं की झिरो सरकण्याला तो जबाबदार नाही, पण ग्रुप फुटण्याला असू शकतोय, आणि खरं सांगायचं तर मला या छंदात सगळ्यात जास्त आवडतंय ते हेच काम. परदेशात लायसन्सवाले लोक प्रत्येक काडतूस स्वतः मोजून भरतात, तेवढं प्रेम आपण छर्र्यावर करू शकतोय. पावसाळ्यात शिसं ओल्या हवेत पांढुरकं पडतंय, डब्यात पांढरी भुकटी दिसली की तो डबा सरावाला पण वापरू नका. चांगल्या डब्यातले पेलेट पांढऱ्या कापडावर पसरा, खालच्या घेराला चेप आलेले बाजूला काढा. उजेडात एकेक फिरवून बघायला लागतंय, रेडिओ लावून बसलं की तासभर कसा जातोय कळत नाही. मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात हलकं धुवून, पंख्याखाली पूर्ण वाळवून, नखावर मावेल एवढं तेल प्लास्टिकच्या डबीत पुसून त्यात अलगद फिरवायचे. याच्या पुढं जाऊ नका, जास्त तेल म्हणजे परत डिझेलिंग.

वजन करायचं का? शहापूरच्या सराफ गल्लीत सोनारांकडं असतो तसला मिलिग्रॅमचा छोटा काटा मी पण घेतलाय. दोन हिवाळे रात्र रात्र वजन केलं. पण वरचाच हिशोब लावा: वेग एक टक्का बदलला तर दहा मीटरला फरक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा आणि नऊची रिंग ५.५ मिलिमीटरची, म्हणजे एका रिंगपासून दुसरी अडीच मिलिमीटरवर. स्प्रिंगच्या रायफलीवर शिकणाऱ्याला वजनाचा तो फरक दिसणार पण नाही. शंभरातले फार हलके आणि फार जड चार-पाच काढून टाका, पुरे. त्यापेक्षा डोक्याचा साइज बघा, डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असं लिहिलेलं असतंय. आपल्या नळीला कुठला मानवतोय ते मारूनच कळतंय, महागडा म्हणून चांगला असं काही नाही. एकदा सापडला की वर्षाचा माल एकाच बॅचचा घेऊन ठेवा. आणि शिसं हाताळल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय काही खायचं नाही, लहान पोरांच्या हाताला डबा लागू द्यायचा नाही, यात तडजोड नको.

उजेडाचं पण एक आहे, लोक विसरतात. पावसाळ्यात ढगाळ, दुपारी चारलाच संध्याकाळ. उघड्या साइटवर उजेड बदलला की पुढचा खुंटा डोळ्याला वेगळा दिसतोय आणि आपण नकळत वर-खाली धरतो. शेडमध्ये सराव करत असाल तर टार्गेटवर स्वतंत्र एलईडी लावा, मॅचमध्ये टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड धरतात, मोबाईलवर मोजायचं ॲप मिळतंय, अंदाज येतोय. झिरो सरकलाय असं वाटणाऱ्या एका बाईंचा प्रश्न नुसती ट्यूब बदलून सुटलाय. स्कोप असेल तर तो दहा मीटरवर फोकस होतोय का आणि स्प्रिंगच्या उलट-सुलट धक्क्याला टिकणारा आहे का ते बघा, आणि माउंटच्या मागं पेन्सिलीची रेघ ओढून ठेवा. माउंट रेघ सोडून मागं सरकत असेल तर त्याला अडवणारी स्टॉप पिन नाही किंवा ती भोकात बसलेली नाही.

ठेवायचं कसं? बऱ्याच जणांकडं रायफल फोमच्या बॅगेत पलंगाखाली असते. पावसाळ्यात तो फोम ओल धरून ठेवतोय आणि रायफलला चोवीस तास ओलं पांघरूण बसतंय. घरी आल्यावर बॅगेतनं काढायची, कुलपाच्या लाकडी किंवा लोखंडी कपाटात उभी ठेवायची, खाली सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या. निळ्या रंगाचे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत निळे होतात. पण तो तवा परत भाकरीला वापरायचा नाही. दोन-तीनशे रुपयांचं आर्द्रतेचं छोटं घड्याळ मिळतंय ते आत ठेवा. माझ्या कपाटात आकडा जुलैतसुद्धा साठ टक्क्यांच्या आत राहतोय, बाहेर व्हरांड्यात नव्वदच्या वर असताना. आकडा शून्याकडं न्यायचा नाहीये, वर्षभर एकसारखा ठेवायचा आहे. फार कोरडं केलं तर दस्त्याला चीर पडते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्याकडं पण चौकशी वाढलीय. निपाणीपलीकडचाच तो मुलूख, आपलाच वाटतोय. नवीन पोरं जुनी, कुणाच्या तरी मामांची रायफल घेऊन येतात, महाग रायफल घ्यायची ऐपत नसते, आणि पहिल्याच पावसाळ्यात स्कोर पडला की स्वतःलाच दोष देतात. आई-बाप पण म्हणतात, मन लागत नाही तुझं. खानापूरच्या त्या पोराचं असंच झालं होतं, सोडून द्यायच्या बेतात होता. त्याचं तेल थांबवलं, मार्चमध्ये मागचा पिलर बसवला, आतनं तीन हात वार्निश दिलं. या जुलैत त्याच्या वहीत साइटचे फक्त दोन क्लिक आहेत, आणि ते पण पहिल्या आठवड्यातले.

तर आता विचारणार असाल तर एवढं घेऊन विचारा: दहा-दहाच्या तीन ग्रुपचे कागद, त्यावर तारीख, कपाटातल्या घड्याळाचा आकडा, नेलपॉलिशच्या रेघेचा जवळनं काढलेला फोटो, आणि शेवटचं तेल कधी आणि कुठं सोडलं ते. साइटचे क्लिक फिरवले असतील तर किती आणि कुठल्या बाजूला, ते पण लपवू नका. रविवारी सकाळी मी टिळकवाडीत घरीच असतो, ओळखीचे लोक येतात, पाऊस असला तर रायफल प्लास्टिकमध्ये नको, सुती चादरीत गुंडाळून आणा.